मच्छरदाणीचा खर्च कोणत्या रकान्यात?

मा. वित्त व नियोजन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,


हिवतापावरचे हे पत्र मुद्दाम आपल्याला लिहिते आहे. आरोग्य खाते वर्षाचे रुग्ण आणि मृत्यू मोजते. पण हिवतापातून वाचलेल्या मुलाचे वीस वर्षांनी काय होते, हा प्रश्न नियोजनाचा आहे.

राज्यातल्या हिवतापाचा मोठा वाटा गडचिरोलीचा. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची भागांत फॅल्सिपेरम या हिवताप-जंतूचा जोर. वारंवार लागण झालेल्या मुलाला दरवेळी ताप येतोच असे नाही. जंतू रक्तात मुरतो, तांबड्या पेशी फुटत राहतात, पानथरी वाढते, अंगातले रक्त उतरते. असे मूल आश्रमशाळेच्या वर्गात पेंगते आणि गुरुजींना ते अभ्यासात कच्चे वाटते. मेंदूला झालेला हिवताप तर त्याहून क्रूर. युगांडात अशा आजारातून उठलेल्या मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा मुलांत दोन वर्षांनंतरही बौद्धिक कमतरता दिसली.

१९५३ मध्ये देशभर डीडीटीची फवारणी सुरू झाली, तेव्हा वर्षाला अंदाजे साडेसात कोटी रुग्ण होते. त्या काळात बालपण गेलेल्यांचा माग डेव्हिड कटलर, मायकेल क्रेमर आदी अर्थशास्त्रज्ञांनी काढला. पूर्वी हिवताप जास्त असलेल्या भागांतल्या पुरुषांच्या घरी, ते कर्ते झाल्यावर, दरडोई खर्च थोडा वाढलेला आढळला. शिक्षण वाढल्याचा ठोस पुरावा मात्र मिळाला नाही, म्हणून मीही शाळेच्या निकालांचे आश्वासन देणार नाही. वाढ माफक होती, पण ती कमावत्या वयातली होती, आणि मला तेवढी पुरेशी वाटते.

लहानपणी मच्छरदाणी दिली तर प्रतिकारशक्ती येत नाही, मृत्यू फक्त पुढे ढकलला जातो, अशी शंका जाणकारही घेत. टांझानियात १९९८ ते २००० दरम्यान जन्मलेल्या सहा हजारांहून अधिक मुलांची माहिती दोन दशके ठेवली गेली. बालपणी बहुतेक वेळा औषधी मच्छरदाणीत झोपलेल्यांत मृत्यूचा धोका चाळीस टक्क्यांहून अधिक कमी होता, आणि मोठेपणी तो उलटून वाढल्याचे दिसले नाही.

म्हणून चार मागण्या. मच्छरदाण्या मे महिन्यातच गावात पोचाव्यात, कारण पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की भामरागड तुटते. धान राखायला शेतावर झोपणाऱ्यांसाठी वेगळ्या द्याव्यात. आश्रमशाळेतल्या प्रत्येक मुलाचे रक्त, ताप नसला तरी, वर्षातून दोनदा तपासावे. ओडिशाने दुर्गम गावांत सरसकट तपासणी करून दाखवली आहे.

चौथी मागणी खास आपल्या हातातली. १९६५ पर्यंत देशातले रुग्ण लाखावर आले, मग लक्ष ढळले, आणि १९७६ मध्ये ते चौसष्ट लाखांवर गेले. गडचिरोलीत रुग्ण कमी होतील, तेव्हा कुणीतरी ही तरतूद छाटण्याचा प्रस्ताव आपल्या टेबलावर ठेवील. तो नाकारता यावा, यासाठी येत्या अर्थसंकल्पात सलग दहा वर्षांची, रुग्णसंख्येशी न बांधलेली तरतूद करावी, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक नागरिक