सीताफळाच्या बीचे विष, पानांचा चहा

पावसाळा सरत आला की बालाघाटच्या डोंगरउतारांवरची सीताफळे डोळा उघडू लागतात आणि धारूर, अंबाजोगाईच्या बाजारात पाट्या उतरतात. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, गराच्या आइस्क्रीमची बाजारपेठही वाढली. गर काढल्यावर उरणाऱ्या बियांकडे मात्र कोणी पाहत नाही. खरे रसायनशास्त्र त्या काळ्याभोर बीमध्येच दडलेले आहे.

बियांची पूड उवा मारते, हे खेड्यातल्या आज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. प्रयोगशाळेने त्याला दुजोरा दिला आहे. मावा, डासांच्या अळ्या, कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग अशा अनेक किडींवर बियांचा अर्क परिणामकारक ठरला आहे. कारण आहे अ‍ॅसिटोजेनिन गटातली द्रव्ये. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियातील पहिलाच टप्पा ती बंद पाडतात. किडीला पोट भरून खाता येते, पण खाल्लेल्याची ऊर्जा होत नाही.

अडचण पुढेच आहे. मायटोकाँड्रिया किडीतही असतात, माशातही आणि माणसातही. बियांची पूड मासे मारण्यासाठी वापरल्याच्या नोंदी आहेत. झाडाचे आहे म्हणून निरुपद्रवी, हा समज इथे टिकत नाही. डोक्याला लावलेला लेप ओघळून डोळ्यात गेला, की बुबुळावरचा पातळ थर सोलवटतो, असह्य आग होते, डोळा उघडवत नाही. भारतातील नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध केली आहेत. वेळेत उपचार झाले तर बहुतेकांचा डोळा बरा होतो, पण तोवरचे दिवस फार वाईट जातात.

शेतकऱ्याला या बीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. कापसावरच्या फवारणीचा खर्च त्याला परवडत नाही, आणि 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते मराठवाडाही विसरलेला नाही. दशपर्णी अर्कात सीताफळाचा पाला असतोच. परंतु प्रयोगशाळेतला अर्क आणि ड्रममधला अर्क एक नव्हेत. अ‍ॅसिटोजेनिन मेणासारखी असतात, पाण्यात नीट विरघळत नाहीत. संशोधक सहसा ती अल्कोहोल, हेक्झेन अशा द्रावकांत काढतात. शेतकरी पाला पाण्यात आणि गोमूत्रात कुजवतो. शिवाय त्यांचे प्रमाण पाल्यापेक्षा बीमध्ये जास्त. गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आत बसलेली असते, तिथवर वरची फवारणी पोचतच नाही, मग ती कशाचीही असो.

कडुनिंबाच्या बाटलीवर अ‍ॅझाडिरेक्टिन किती पीपीएम आहे ते छापलेले असते. घरच्या सीताफळ अर्कात आज किती विष आहे आणि आठ दिवसांनी किती उरेल, हे कळायला शेतकऱ्याकडे काही साधन नाही. कमी पडले तर कीड हसते, जास्त झाले तर फवारणाऱ्याच्या डोळ्यांवर बेतते.

आता पानांच्या चहाविषयी. ‘अँटिऑक्सिडंटने भरपूर’ म्हणून वाळलेल्या पानांची पाकिटे विकली जातात. या दाव्यामागची चाचणी बहुधा डीपीपीएच नावाच्या जांभळ्या रसायनाची असते. अर्क घातला की जांभळा रंग उतरून पिवळा होतो, जितका उतरेल तितका अर्क जोरकस. चाचणी खोटी नाही. पण साधा चहासुद्धा तो रंग उतरवतो. परीक्षानळीतला रंग आणि रक्तवाहिनीतला आजार यांच्यात मोठे अंतर आहे. फिनलंडमध्ये 29 हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष 1994 मध्ये आला: बीटा-कॅरोटिन या नावाजलेल्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही, उलट 18 टक्क्यांनी वाढला.

सीताफळाच्या कुळाबाबत आणखी एक सावधगिरी हवी. कॅरिबियनमधील ग्वादेलूप बेटावर कंपवातासारखा, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार आढळला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासाने त्याचा संबंध लक्ष्मणफळाशी व त्याच्या पानांच्या काढ्याशी जोडला. संबंध म्हणजे सिद्ध झालेले कारण नव्हे, आणि हंगामात चार सीताफळे खाणाऱ्याने त्यावरून घाबरायचे कारण नाही. रोज, वर्षानुवर्षे काढा पिणाऱ्याने मात्र विचार करावा.

अंबाजोगाईत परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. तिथे नव्या वाणांवर काम होते, ते योग्यच. पण फेकल्या जाणाऱ्या बियांतून मोजून-मापून, सुरक्षित कीटकनाशक निघेल का, याचे उत्तर शोधायला त्याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. फवारणाऱ्याला त्रास होतो का, मधमाशा मरतात का, तलावातल्या माशांचे काय होते, हेही त्याच कामात तपासले पाहिजे.

तोवर मुलींच्या केसांतील उवांसाठी पर्मेथ्रिनचे लोशन औषधाच्या दुकानात मिळते आणि बारीक दातांची फणी घरोघरी असते. पूड डोळ्यात गेलीच, तर चोळू नये. निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा. काय गेले ते त्यांना स्पष्ट सांगावे, लाजून ‘कचरा गेला’ म्हणू नये.