निळं पाणी नितळ झालं, आणि सकाळी परत निळं झालं

मंडळी, गेल्या महिन्यात आपल्या इचलकरंजीत एक डेमो झाला. कुणाचा, ते सोडा. टेबलावर काचेचा ग्लास, त्यात निळंशार पाणी. साहेबांनी चिमूटभर करडी पावडर टाकली, एका डबीतलं पांढरं काहीतरी टाकलं, ढवळलं. दोन मिनिटांत पाणी नितळ. टाळ्या! शेजारी बसलेले प्रोसेसवाले काका म्हणाले, "बघ की लेका, आता काळा ओढा पांढरा होतोय."

मी ते पाणी बाटलीत मागून घेतलं आणि घरी खिडकीत ठेवलं. सकाळी बाटलीच्या गळ्यापाशी निळी कड आली होती. बूच उघडून हलवली तर सगळी बाटली निळी.

यात चमत्कार काही नाही, केमिस्ट्री शिकलेल्या कुणालाही कळेल. तो रंग मिथिलिन ब्लू होता आणि डबीत सोडियम बोरोहायड्राइड. बोरोहायड्राइड त्या रंगाच्या रेणूला इलेक्ट्रॉन देतं, रेणू रंगहीन होतो. पण तो तुटत नाही, तिथंच असतो. बोरोहायड्राइड संपलं आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की परत निळा. म्हणजे पाणी साफ झालंच नव्हतं, फक्त दिसायला साफ झालं होतं.

आता लगेच "हे सगळं थोतांड" म्हणू नका. ती करडी पावडर खरोखर भारी चीज आहे. झिओलाइट नावाचं सच्छिद्र खनिज आणि त्यावर बसवलेले चांदीचे नॅनोकण. झिओलाइट म्हणजे परका माल नव्हे. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात, विहीर खणताना किंवा खाणीत, पोकळीत पांढरे-गुलाबी स्फटिक सापडतात, त्यातले कितीतरी झिओलाइटच. जगभरातल्या संग्रहालयांत नाशिक, जळगाव, पुण्याकडचे नमुने ठेवलेत. सिन्नरला तर 'गारगोटी' नावाचं संग्रहालयच आहे. (भुदरगडची गारगोटी नव्हे, तिकडं शोधत जाऊ नका.) आत इतकी बारीक भोकं की चांगल्या कारखान्यात बनवलेल्या झिओलाइटच्या एका ग्रॅममध्ये काहीशे चौरस मीटर पृष्ठभाग मावतो. एका ग्रॅममध्ये पाच-सहा गुंठे जमीन म्हणा. धातूचे कण सुटे सोडले तर एकमेकांना चिकटून गोळा होतात, काम थांबतं. दगडाच्या भोकात आणि अंगावर बसवले की वेगळे राहतात आणि पाण्याबरोबर वाहूनही कमी जातात. शास्त्र पक्कं आहे. माझं भांडण ग्लासातल्या पाण्याशी आहे.

कारण तो ग्लास म्हणजे शुद्ध पाण्यात एक रंग. आपल्या प्रोसेसचं पाणी तसं असतंय का? सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग बसवायला पोतंपोतं मीठ आणि सोडा लागतो. वर सायझिंगचा स्टार्च, साबण, आणि कापडाला न चिकटलेला रंग. भोकं आधी स्टार्चनं बुजतात, मिठातलं क्लोराइड चांदीला धरतं. ग्लासात दोन मिनिटं लागली, ओढ्यात किती लागतील, ते डेमोत कुणी विचारलं नाही. मी विचारलं, तर "पायलट स्टेजला बघू" म्हणाले.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. आपल्याकडं वापरात असलेले बरेच रंग ॲझो जातीचे. त्यांचा रंग ज्या जोडावर असतो तो असा इलेक्ट्रॉन देऊन तोडला की रंग जातो खरा, पण मागे ॲमाइन उरतात. त्यातले काही कॅन्सरकारक. म्हणून तर केंद्र सरकारनं १९९० च्या दशकात असे घातक ॲमाइन देणाऱ्या शंभरावर रंगांवर बंदी घातली. लाल पाणी दिसलं की शिरोळचा माणूस निदान जनावर तरी मागं ओढतो. बिनरंगाचं पाणी तो पाजणार. २०१२ ची कावीळ आठवा. ती रंगातून आली नव्हती, मैलापाण्यातून आली, आणि ते डोळ्याला दिसलं नव्हतं.

माझ्या मते पैसा घालायचाच तर चांदीवर नको, लोखंडावर घाला. झिओलाइटवर किंवा चिकणमातीवर लोखंडाचे कण आणि सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड. याचं मूळ फेंटन नावाच्या माणसानं १८९४ मध्ये लिहून ठेवलंय. यात रेणू नुसता लपत नाही, खरोखर फुटतो. लोखंड स्वस्त, आणि चांदीसारखं प्रक्रिया केंद्रातल्या कामाच्या जिवाणूंनाही मारत नाही. अडचणी यातही आहेत. नेहमीच्या पद्धतीला आंबट पाणी लागतं, आपलं पाणी सोड्यानं तुरट. मीठ इथंही आडवं येतं. पेरॉक्साइडचा खर्च रोजचा. पण या अडचणींवर काम करता येतं. शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्स शिकवलं जातं, पोरं हुशार आहेत. त्यांना शुद्ध पाण्यात मिथिलिन ब्लू देण्यापेक्षा आपला टँकर द्या की.

आणि कुठल्याही पावडरवाल्याला पैसे देण्याआधी रंग बघू नका, सीओडी बघा. पाण्यातली घाण जाळायला किती ऑक्सिजन लागतो, त्याचा तो आकडा. नदीत सोडायची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. त्याच नियमावलीत एक साधी परीक्षा आहे, तिची आठवण कुणीच काढत नाही. प्रक्रिया केलेल्या पाण्यात, दुसरं पाणी न मिसळता, ९६ तास मासे ठेवायचे, ९० टक्के जगले पाहिजेत. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच बघितलेल्या माणसांना ही परीक्षा समजावून सांगायची गरज नाही. आणखी एक, तीच पावडर पन्नासाव्या वेळी किती चालते आणि तिच्यातला धातू पाण्यात किती उतरतो, हेही लिहून घ्या.

काका म्हणतात तू नाट लावतोस. तसं नाही काका. ही पावडर चालली तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल, माझं घर ओढ्यापासून लांब नाही.

पुढचा डेमो लवकरच आहे म्हणे. मी पाच लिटरचा कॅन घेऊन जाणार आहे, ओढ्यातलंच पाणी भरून. कोण येतंय सोबत, कमेंटमध्ये सांगा.