लखोबा पुन्हा येतो. शिरड शहापूरपर्यंत केव्हा?

मराठी रंगभूमीवर रहस्यनाट्याला पुन्हा बरे दिवस आले आहेत. फ्रेडरिक नॉट यांच्या १९५२ सालच्या 'डायल एम फॉर मर्डर'वर बेतलेले 'अ परफेक्ट मर्डर' विजय केंकरे यांच्या दिग्दर्शनाखाली मराठीत आले आणि प्रेक्षकांनी ते उचलून धरले. मात्र या पुनरागमनाचा लाभ कोणाला, हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूरसारख्या गावातून पाहिले असता अधिक टोकदार होतो.

औंढा नागनाथ तालुक्यातील हे गाव भगवान मल्लिनाथांच्या जैन अतिशय क्षेत्रामुळे ओळखले जाते. भाविकांची येथे सतत ये-जा असते. व्यावसायिक नाटकाचे दौरे मात्र बंदिस्त नाट्यगृहे असलेल्या शहरांभोवतीच फिरतात. १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील रसिकाला मोठ्या नाटकासाठी परभणी वा नांदेड गाठावे लागते.

जुने रहस्यनाट्य पुन्हा उभे करताना पहिली अडचण रहस्याचीच असते. अगाथा ख्रिस्ती यांचे 'द माउसट्रॅप' १९५२ पासून लंडनमध्ये सुरू आहे. करोनाकाळातील खंड वगळता ते थांबले नाही. तेथे खुनी कोण हे बाहेर सांगू नये, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच'ला अशा विनंतीची गरज भासली नाही. माधव काझी प्रकरणाचा आधार असलेल्या या नाटकात आरोपी लबाड आहे हे प्रेक्षक आरंभीच ओळखतो. साक्षीदारांमागून साक्षीदार येतात, निपाणीचा लखोबा लोखंडे प्रत्येकाला ओळख नाकारतो, आणि तो आता कसा निसटणार, हीच उत्कंठा उरते. म्हणूनच ते पुन्हा पुन्हा पाहता येते.

८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत पहिला प्रयोग झालेल्या या नाटकाचे दुसरे बलस्थान होते फिरता रंगमंच. प्रभाकर पणशीकर यांनी त्यातील पाच रूपे अजरामर केली, पुढे डॉ. गिरीश ओक यांनीही ती साकारली. परंतु हाच फिरता रंगमंच लहान गावात नेणे खर्चिक आणि जिकिरीचे आहे.

तथापि, न्यायालयाचा पिंजरा, दोन खुर्च्या आणि नेमकी प्रकाशयोजना एवढ्यावर हा खटला उभा राहू शकतो. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थांना हे कौशल्य नवे नाही. संहितेच्या हक्कदारांची परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घेऊन असा प्रयोग शाळेच्या सभागृहातही होऊ शकतो. स्पर्धेतील नाटक एका प्रयोगानंतर संपू न देता ते आसपासच्या गावांत फिरवण्यासाठी प्रवासखर्चाची तरतूद झाली, तर हे अंतर बरेच कमी होईल.

याची निकड केवळ करमणुकीपुरती नाही. खोटे नाव, खोटी नोकरी आणि खोटे घराणे सांगून विवाह करणारा लखोबा आज विवाहविषयक संकेतस्थळांवर आणि मोबाइलवरील ओळखींतून वावरतो. मुलीचे लग्न ठरवताना चौकशी कशी करावी, या चिंतेत असलेल्या गावातील आईबापांना हे नाटक महानगरातील प्रेक्षकापेक्षा अधिक जवळचे वाटेल. ज्यांना सावध होण्याची खरी गरज आहे, त्यांच्याच दारी लखोबाचा खटला आजवर क्वचित चालला आहे.