फाशांतला सैतान
१९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, एवढंच. दहा वर्षांत तिथल्या कट्टर चर्चमंडळींना त्यात सैतान दिसू लागला. ख्रिस्ती प्रचारक जॅक चिकच्या १९८४ च्या ‘डार्क डंजन्स’ या चित्रपुस्तिकेतली मुलगी तर खेळता खेळता खरीखुरी चेटकीण होते! मुलाच्या आत्महत्येनंतर एका आईने खेळाविरुद्ध संघटनाच काढली. तिच्या दुःखाला हसवत नाही, पण दोष फाशांचा होता हे काही सिद्ध झालं नाही. गंमत अशी, की खेळाच्या दोन जनकांपैकी गॅरी गायगॅक्स स्वतःला ख्रिस्ती म्हणवायचा, आणि ज्या कादंबरीकार टोल्किनकडून त्यातले कितीतरी प्राणी उचलले, तो पक्का कॅथलिक. तरी १९८९ च्या आवृत्तीतून ‘डेमन’, ‘डेव्हिल’ हे शब्द गाळले गेले. राक्षस पुढे नवी नावं घेऊन परतलेच. मला मात्र खरी मौज वाटते ‘ड्रॅगनरेड’ची. १९८४ चाच हा खास ख्रिस्ती खेळ. त्यात मंत्रांच्या जागी बायबलमधली वचनं तोंडपाठ म्हणायची. आपल्याकडच्या जुन्या पंतोजींनी तो शाळेत सक्तीचाच केला असता.