तिकीट कापलेला महापौर

१८९९ साली अमेरिकेतल्या टोलेडो शहरात रिपब्लिकन पक्षाने आपल्याच विद्यमान महापौराचं तिकीट कापलं. अशा वेळी आपल्याकडे जे होतं तेच तिथेही झालं, गडी अपक्ष उभा राहिला. पुढचं मात्र आपल्याकडे सहसा होत नाही. दोन्ही मोठे पक्ष विरोधात, वर्तमानपत्रं विरोधात, चर्चमधले धर्मोपदेशक विरोधात, आणि तरी सुमारे ७० टक्के मतं घेऊन तो निवडून आला. जिंकलेला बंडखोर वर्षभरात स्वगृही परततो, हा परतलाच नाही. १९०१ आणि १९०३ या दोन्ही निवडणुका त्याने पक्षाविनाच जिंकल्या. बिनपक्षाचा माणूस म्हणवून घेण्यात त्याला भारी अभिमान वाटायचा.

नाव सॅम्युअल मिल्टन जोन्स. टोलेडोत त्याला सगळे ‘गोल्डन रूल जोन्स’ म्हणत.

जन्म १८४६ चा, वेल्समधल्या एका गरीब घरातला. तीन वर्षांचा असताना आईबाप बोटीने अमेरिकेला आले. सगळं मिळून अडीच वर्षं शाळा झाली असेल-नसेल, दहाव्या वर्षापासून शेतावर राबणं. १८६५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला तेल लागल्याचा बोलबाला ऐकून पोचला, तेव्हा खिशात १५ सेंट होते. पुढची वीस वर्षं तेलविहिरींवर गेली. आधी मजूर, मग छोटा मालक. १८८५ मध्ये पहिली बायको गेली, तेव्हा गाव सोडून तो ओहायोतल्या लायमाला आला. तिथे तेल लागलं, पैसा झाला, आणि हिस्सा अखेर स्टँडर्ड ऑइलच्या पदरात टाकून तो मोकळा झाला. मग त्याने खोल विहिरीतून तेल उपसणाऱ्या पंपाची धातूची दांडी शोधून काढली, तिचं पेटंट घेतलं आणि १८९४ मध्ये टोलेडोत ‘ॲक्मी सकर रॉड’ हा कारखाना काढला.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही स्वकष्टार्जित शेठची आहे. अशी चरित्रं आपल्याकडे साठीच्या गौरवग्रंथात छापतात आणि समारंभाला आलेल्यांना फुकट वाटतात.

पण १८९३ च्या मंदीने अमेरिकेत लाखो लोक रस्त्यावर आले होते. जोन्सच्या फाटकावर रोज रांग लागे. धडधाकट माणसं कामासाठी अक्षरशः गयावया करत. हे त्याला सोसवेना. गावात दिवसाची मजुरी डॉलर ते दीड डॉलर चालू असताना त्याने किमान दोन डॉलर द्यायला सुरुवात केली. कामाचे तास आठ, वर्षाला एक आठवडा भरपगारी रजा, नाताळला वर्षाच्या पगारावर पाच टक्के बोनस. इतर कारखान्यांत भिंतीवर नियमांची भली मोठी यादी टांगलेली असे. याने एका पत्र्यावर बायबलमधलं एकच वाक्य रंगवून लावलं. लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसंच आपण त्यांच्याशी वागावं, एवढाच त्या ‘गोल्डन रूल’चा, म्हणजे सुवर्णनियमाचा, अर्थ. कारखान्यात हजेरीचं घड्याळ नव्हतं आणि मुकादमही नव्हता. पगाराच्या पाकिटात पैशांबरोबर मालकाने कामगारांना लिहिलेलं पत्र असे. शेजारच्या मोकळ्या जागेवर इमारत उठवायची सोडून त्याने बाग केली. तिथे समाजसेविका जेन ॲडम्ससारखी माणसं येऊन बोलून गेली.

१८९७ मध्ये रिपब्लिकन पक्षात गटबाजीने उमेदवारच ठरेना. कुठल्याच गटाचा नसलेला, पैसेवाला, राजकारणात नवखा असा हा माणूस पुढाऱ्यांना सोयीचा वाटला. सांगू तिथे सही करेल, असा त्यांचा हिशेब असावा. जोन्स जेमतेम पाचशे मतांनी निवडून आला आणि हिशेब पहिल्याच वर्षी फिसकटला.

त्याच्या कामाची नेहमीची यादी करायची तर बालवाड्या, मुलांसाठी क्रीडांगणं, बागांत फुकट संगीत, पालिकेच्या मजुरांना आठ तास. पगार तो गरिबांना वाटून टाकी. कचेरीच्या दाराशी मागणाऱ्यांची रांग कायम, आणि खरा गरजू कोण, बनेल कोण, याची तो चौकशीही करत नसे. दानशूरपणाच्या कथांत हे सगळं बसतं. मला त्याचं मोठेपण दुसऱ्या ठिकाणी दिसतं. पोलिसांच्या हातातले दंडुके काढून घेऊन त्याने त्यांना हलक्या छड्या दिल्या. नुसत्या संशयावरून माणूस आत टाकायचा नाही, अशी ताकीद दिली. सव्वा लाखावर वस्तीच्या, रेल्वेचं मोठं जंक्शन असलेल्या शहरात हे करायला काळीज लागतं.

न्यायाधीश गैरहजर असला की महापौराने पोलीस कोर्टात बसायचं, अशी तेव्हा ओहायोच्या कायद्यात सोय होती. जोन्स बसायचा. समोर येत ते भटके, दारुडे, रस्त्यावरच्या बाया. तो एकामागून एक सगळ्यांना सोडून देई. श्रीमंताचा पोरगा प्यायला तर पोलीस त्याला बग्गीत घालून घरी पोचवतात आणि मजूर प्यायला तर कोठडीत, हे त्याला दिसत होतं. त्याचं म्हणणं असं की आपला मुलगा दारुडा किंवा चोर निघाला असता, मुलगी वेश्या झाली असती, तर न्यायाधीशाने जसं वागावं असं आपल्याला वाटलं असतं, तसंच आपण वागलो. या वाक्याने गावातले प्रतिष्ठित किती भडकले असतील याची कल्पना करावी. विधिमंडळाने पुढे महापौराचा तो अधिकारच काढून घेतला.

दारूचे गुत्ते तो बंद करीना, म्हणून धर्मोपदेशक आधीपासूनच चिडून होते. त्यांनी १८९९ मध्ये दक्षिणेतला एक गाजलेला प्रचारक आणवला. योगायोग असा की त्याचंही नाव सॅम जोन्स. सुवर्णनियम एका मर्यादेपर्यंत ठीक, त्यापुढे बंदूक आणि दंडुकाच हवा, असा त्याच्या प्रवचनाचा सूर होता. ज्याचं वाक्य पत्र्यावर रंगवलं होतं त्या ख्रिस्ताचा प्रश्न कोणी उपस्थित केला नसावा. त्याच वर्षी आपला जोन्स गव्हर्नरपदालाही अपक्ष उभा राहिला. पडला, पण एक लाखावर मतं घेऊन पडला.

आपल्याकडच्या महापौराला झगा आहे, मान आहे, पहिली खुर्ची आहे. तिजोरीच्या आणि कारभाराच्या किल्ल्या आयुक्ताकडे. मुंबईत ही व्यवस्था १८८८ च्या कायद्यापासूनची. जोन्सच्या हातात पोलीस होते आणि नकाराधिकारही होता. ट्रामगाड्यांच्या कंपनीला रस्ते वर्षानुवर्षं आंदण देण्याचा ठराव नगरसेवकांनी मंजूर केला, तेव्हा त्याने तो फेटाळून लावला. शहराचे रस्ते शहराचे, ट्राम आणि वीज नगरपालिकेनेच चालवावी, हे त्याचं ठाम मत. १९०२ मध्ये राज्य विधिमंडळाने त्याच्याकडून पोलीसखातं काढून वेगळ्या मंडळाकडे देण्याचा घाट घातला, तर तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि जिंकला.

परोपकाराबद्दल त्याची मतं परोपकारी म्हणवणाऱ्याला न शोभणारी होती. देणगी म्हणजे मजुराचंच त्याला उशिरा आणि उपकाराच्या भाषेत परत करणं, असं तो मानू लागला होता. टॉलस्टॉय वाचायचा, त्याच्याशी पत्रव्यवहार करायचा. व्हिटमनच्या कविता तर तोंडपाठ. आपण कामगारांपेक्षा जास्त का घेतो, या प्रश्नाने तो बेचैन असे. तरीही कारखान्याचा मालक तो शेवटपर्यंत राहिला आणि मोठ्या घरात राहिला. टीकाकारांनी यावर बोट ठेवलं, ते वाजवीच होतं. ही गाठ त्याला सुटली नाही. फरक एवढाच की ती सुटली आहे असं त्याने कधी भासवलं नाही.

पन्नाशी उलटल्यावरही लोकांसमोर डोक्यावर उभं राहून दाखवणाऱ्या या माणसाला दम्याने मात्र जेरीस आणलं होतं. १२ जुलै १९०४ ला, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तो गेला. अंत्यदर्शनाला हजारो लोक लोटले. त्यांत कारखानदारही होते आणि जोन्सने कोर्टात सोडून दिलेलेही. त्याच सुमारास ट्राम कंपनीच्या शेअरचा भाव वधारला.

दलालांचा अंदाज साफ चुकला, कारण १९०५ मध्ये टोलेडोने जोन्सचाच मित्र, गरिबांचे खटले फुकट लढणारा वकील आणि कादंबरीकार ब्रँड व्हिटलॉक याला महापौर केलं, तेही अपक्ष म्हणून, आणि लागोपाठ चार वेळा.