एजंटने केलेल्या कोड-दुरुस्त्यांच्या तपासणीबाबत मागणीपत्र

प्रति,
व्यवस्थापन, पुणे परिसरातील माहिती तंत्रज्ञान कंपन्या

महोदय / महोदया,

बग दुरुस्त करायला एआय एजंट वापरण्यास आमच्या कर्मचारी संघटनेचा विरोध नाही. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातले आमचे सभासद ही साधने रोज वापरतात. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेत डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने घेतलेल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत स्वयंचलित प्रणालींनी कोडमध्ये मुद्दाम पेरलेले 54 सुरक्षा-दोष शोधले आणि त्यांतले 43 दुरुस्तही केले. ही ताकद आम्ही मानतो. तक्रार वेगळी आहे. दुरुस्ती एजंट करतो, ती तपासायला वेळ कुणी देत नाही, आणि प्रॉडक्शनमध्ये बिघाड झाला की जाब मर्ज करणाऱ्या डेव्हलपरला विचारला जातो.

एक नमुना पाहा. पगाराच्या प्रणालीत 29 फेब्रुवारी 2024 रोजी रुजू झालेल्या कर्मचाऱ्याची वेतनवाढीची तारीख काढायची आहे. पायथनमध्ये त्या तारखेचे नुसते वर्ष बदलून 2025 केले की प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो, कारण 2025 मध्ये ती तारीखच नाही. तिकीट एजंटकडे जाते. एजंट ती ओळ ट्राय-एक्सेप्टमध्ये घालतो आणि एरर आली तर तारीख रिकामी सोडतो. टेस्ट फक्त प्रोग्रॅम बंद पडत नाही एवढेच बघत होती, त्यामुळे ती पास होते. बदल चार ओळींचा, पुल रिक्वेस्टचे वर्णन नीटनेटके, मर्ज करायला दोन मिनिटे पुरतात. त्या कर्मचाऱ्याची वेतनवाढ मात्र कुणाच्या लक्षात न येता राहून जाते. तारीख 28 फेब्रुवारी धरायची की 1 मार्च, हे एचआरच्या धोरणावर ठरते, आणि ते विचारायला कुणाला तरी जागेवरून उठावे लागते. त्यात गेलेला अर्धा दिवस टाइमशीटमध्ये कुठे भरायचा, हे आजवर कुणी सांगितलेले नाही.

टेस्ट पास पण दुरुस्ती चुकीची, हा धोका एआय एजंटांच्याही आधीचा आहे. जेनप्रॉग या स्वयंचलित दुरुस्तीच्या साधनाने 105 पैकी 55 बग दुरुस्त केल्याचे 2012 मध्ये जाहीर झाले होते. 2015 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी त्या दुरुस्त्या पुन्हा तपासल्या, तेव्हा खरोखर बरोबर दुरुस्त झालेले बग फक्त 2 निघाले. बाकीच्या बहुतेक दुरुस्त्यांनी त्रास देणारे कामच कोडमधून काढून टाकले होते. डेबियनमधला प्रकार तर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मेमरी तपासणारे साधन तक्रार करते म्हणून 2006 मध्ये ओपनएसएसएलमधला कोड काढला गेला. त्यामुळे प्रत्येक प्रकारच्या सुरक्षा-किल्लीसाठी जेमतेम 32,768 शक्यता उरल्या, आणि हे उघड व्हायला मे 2008 उजाडला. तो बदल माणसाने केला होता हे खरे. पण साधनाची तक्रार थांबली म्हणजे काम झाले, ही समजूत तेव्हाही होती.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी वेळेची आहे. एजंटच्या प्रत्येक दुरुस्तीचा रिव्ह्यू स्प्रिंटच्या अंदाजात वेगळा धरावा आणि तो वेळ कामाचा म्हणून नोंदवावा. ‘एजंट आहे ना’ म्हणून टीम कमी करताना मॅनेजरचा अंदाज हा पुरावा मानू नये. 2025 मध्ये मेटर या संस्थेने 16 अनुभवी डेव्हलपरांना 246 कामे देऊन मोजणी केली. एआय वापरताना त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला, आणि आपण 20 टक्के वेगाने काम केले असे त्यांना स्वतःला वाटत होते. ते डेव्हलपर आपापल्या परिचयाच्या प्रकल्पांवर काम करत होते आणि साधने त्या वेळची होती, त्यामुळे हा आकडा सगळीकडे लागू पडेल असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की आधी मोजा आणि मग माणसे हलवा.

दुसरे, एकाच पुल रिक्वेस्टमध्ये एजंटने कोडही बदलायचा आणि तो तपासणारी टेस्टही बदलायची, हे बंद व्हावे. टेस्ट बदलायची असेल तर वेगळी मंजुरी लागावी. मुख्य ब्रँचवर थेट मर्ज करण्याची किंवा प्रॉडक्शनच्या डेटाबेसमध्ये लिहिण्याची परवानगी एजंटला कधीच नसावी. बदल एजंटचा आहे ही नोंद कमिटमध्येच असावी.

बदल समजला नाही तर तो नाकारण्याचा अधिकार रिव्ह्यू करणाऱ्याला लेखी मिळावा. नाकारलेल्या पुल रिक्वेस्ट अप्रेझलमध्ये त्याच्या विरोधात मोजू नयेत. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला जबाबदार धरणे अन्याय्य आहे.

फ्रेशर्सबद्दलही तितक्याच आग्रहाने सांगतो. छोटे बग सोडवतच आमच्यातला प्रत्येक जण जुना कोड वाचायला शिकला. ते सगळे बग एजंटकडे गेले, तर पाच वर्षांनी एजंटचा कोड तपासणारा सीनियर कुठून येणार? प्रत्येक टीमने काही तिकिटे नवोदितांसाठी राखून ठेवावीत.

कामाच्या तंत्रातील बदलामुळे कपात होण्याची शक्यता असेल तर 21 दिवसांची पूर्वसूचना देण्याचे बंधन औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 मध्ये होते आणि ते तत्त्व औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्येही कायम आहे. कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत कोणता इंजिनिअर बसतो यावर वाद घालत बसण्यापेक्षा ती सूचना प्रत्येक कर्मचाऱ्याला द्यावी.

या मागण्यांवर संघटनेच्या प्रतिनिधींशी चर्चेची तारीख 21 दिवसांत लेखी कळवावी. त्या बैठकीला रोज रिव्ह्यू करणारे डेव्हलपर हजर असतील. व्यवस्थापनाकडूनही निर्णयाचा अधिकार असलेली व्यक्ती यावी.

कळावे,
कार्यकारिणी, पुणे