नवं न घेण्याचं वर्ष



गेल्या पाडव्याला आमच्या गटातल्या आठजणींनी ठरवलं, वर्षभर नवी वस्तू घ्यायची नाही. अन्न, औषधं, आतले कपडे आणि मुलांच्या वह्या एवढेच अपवाद. २०१३ साली बांगलादेशात राणा प्लाझाची इमारत कोसळून ११००हून अधिक माणसं दगावली. बहुतेक कपडे शिवणारे कामगार, आणि त्यांत बायकाच जास्त. कुर्ता इतका स्वस्त कसा मिळतो, हे त्यानंतर कुणी वेगळं सांगायला नको होतं.

सुरुवातीचे महिने उत्साहात गेले. झिजलेल्या कॉलरी उलटवल्या, साड्यांच्या गोधड्या झाल्या, मिक्सर दुरुस्त करणारा शोधला (तीन रविवार लागले!). मग हिशेब मांडला. पैसे वाचले सगळ्या घराचे, रविवार गेले ते मात्र आमचेच. 'छान उपक्रम आहे' म्हणत नवऱ्यांनी पाठिंबा दिला, सुई काही हातात घेतली नाही. आईच्या काटकसरीचं आपण कौतुक करतो, तेव्हा ती दुपारची कधी आडवी झाली होती का, हे आठवत नाही.

वस्तीतल्या बैठकीत मी हा प्रयोग मोठ्या अभिमानाने सांगितला. घरकाम करणारी एक मैत्रीण शांतपणे म्हणाली, "ताई, तुमचं हे वर्षाचं व्रत. माझ्या अंगावर लग्नापासून दुसऱ्यांच्याच साड्या." तिला एकदा तरी कोऱ्या साडीची घडी स्वतःच्या हाताने मोडायची होती. मी काय बोलणार?

आणखी एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. सगळं जुनेर आम्ही गोधडीत घातलं आणि दारावरची बोहारीण रिकामी परत गेली. भांड्यांच्या बदल्यात कपडे घ्यायचे, निवडायचे, धुऊन-शिवून बाजारात विकायचे, हे काम या बायका पिढ्यान्‌पिढ्या करताहेत. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्या संघटनेमुळे कचरा वेचणं हेही पर्यावरणाचं काम आहे, असं आपण म्हणायला शिकलो. बोहारणीशी मात्र अजून एका पातेल्यासाठी दोन साड्या की तीन, यावर घासाघीस चालते. मीही केली आहे.

प्रयोग सोडलेला नाही. महिन्यातला एक रविवार आता दुरुस्तीचा, पुरुषांसह. पहिल्या खेपेला चौघे आले. एकाने बटण काजासमोर न लावता भलतीकडेच लावलं, पण लावलं. बरे कपडे बोहारणीसाठी वेगळे काढतो. आणि घरकाम करणाऱ्या बाईंना दिवाळीला जुनी साडी न देता महिन्याच्या पगाराएवढा बोनस, रोख. हे मात्र दोन घरांत अजून अडलं आहे. "साडी देतोच की," असं तिथे ऐकायला मिळतं.

तुमच्या गटात, तुमच्या घरात याचं काय होतं, जरूर कळवा.